पेशवाईतला कागद शाबूत, पणजोबांचं मासिक भुगा

2025च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ‘ज्ञान भारतम्’ मोहिमेची घोषणा झाली. देशभरातल्या एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचं सर्वेक्षण, नोंदणी आणि जतन हे तिचं उद्दिष्ट. घोषणा आनंदाचीच आहे. पण तिच्या निमित्ताने झालेल्या गप्पांमध्ये एक समज घट्ट बसलेला दिसला: जितकं जुनं, तितकं जीर्ण. म्हणजे तीनशे वर्षांची पोथी आधी वाचवायची, शंभर वर्षांपूर्वीचं छापील मासिक काय, थांबेल!

ते थांबणार नाही. कागदाचं रसायनशास्त्र या समजाच्या नेमकं उलट सांगतं.

पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत. त्यातला अठराव्या शतकातला एखादा मोडी कागद, पाणी आणि वाळवीच्या तावडीतून सुटलेला असला, तर आजही सहज उलगडतो. रंग मळकट पांढरा, पोत घोटीव, शाई काळीभोर. त्याच शहरातल्या एखाद्या जुन्या वाचनालयात विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं मासिक मागून पाहा. कडा तपकिरी, मधला भाग पिवळा, आणि पान जपून उलटलं तरी कोपरा बोटांत येतो. हवा तीच, उन्हाळे-पावसाळे तेच. उलट मासिकाने ते निम्म्यानेच सोसलेले. तरी आधी मोडलं ते मासिक.

कारण कागद कशाने बनतो आणि कशाने मरतो, यात आहे. कागद म्हणजे मुख्यतः सेल्युलोज, आणि सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या मण्यांची लांबच लांब माळ. कापसाच्या तंतूत एका माळेत दहा हजारांच्या आसपास मणी असू शकतात. चिंध्या कुटून, लगदा करून, तावाचा कागद होईपर्यंत ही लांबी हजार-दोन हजारांवर येते. अशा असंख्य माळा एकमेकींना बिलगून तंतू होतो आणि तंतूंच्या गुंत्यातून कागद. दुमडल्यावर कागद तुटत नाही, त्याचं कारण या माळा लांब असतात.

आता यात आम्ल शिरलं की काय होतं ते पाहू. ही प्रक्रिया मला इतकी आवडते, की तिच्यावर जरा जास्त वेळ घालवणार आहे.

दोन ग्लुकोजना जोडणारा दुवा म्हणजे ऑक्सिजनचा एक अणू. आम्लातला हायड्रोजन आयन, म्हणजे नुसता एक प्रोटॉन, त्या ऑक्सिजनला जाऊन चिकटतो. ऑक्सिजनवर धनप्रभार येतो, तो शेजारच्या कार्बनशी असलेल्या बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, आणि बंध तुटतो. उघड्या पडलेल्या कार्बनवर पाण्याचा एक रेणू येऊन बसतो. माळेचे दोन तुकडे झाले. शेवटी प्रोटॉन पुन्हा मोकळा होतो आणि पुढच्या दुव्याकडे जातो. म्हणजे या सगळ्यात पाणी खर्च झालं, आम्ल खर्च झालंच नाही! ते केवळ उत्प्रेरक. एकच प्रोटॉन वर्षानुवर्षं दुवे तोडत राहू शकतो. आणि पाण्याची वानवा कधीच नसते. हाताला कोरडा लागणारा कागदसुद्धा हवेतली आर्द्रता शोषून वजनाच्या साधारण 5 ते 8 टक्के पाणी धरून असतो.

यातलं गणित आणखी बोलकं आहे. समजा माळ 1000 मण्यांची आहे आणि ठरावीक काळात दर हजार मण्यांमागे एक दुवा तुटतो. पहिल्या टप्प्यानंतर सरासरी लांबी 500. दुसऱ्या टप्प्यानंतर 333, तिसऱ्यानंतर 250, चौथ्यानंतर 200. लांबीचा व्यस्तांक काळाच्या सम प्रमाणात वाढत जातो. सुरुवातीला लांबी झपाट्याने उतरते, पण कागद वापरणाऱ्याला काहीच जाणवत नाही, कारण 500 मण्यांची माळही तंतू धरून ठेवायला पुरेशी असते. मात्र सरासरी 250-300च्या खाली गेली, की दुमडण्याची ताकद एकदम कोसळते. “परवापर्यंत तर चांगलं होतं हो पुस्तक!” असं ग्रंथपाल म्हणतात ते खरंच असतं. रेणूंच्या पातळीवर मात्र ते कित्येक दशकं मरत होतं.

वर आणखी एक भर. तुटणाऱ्या सेल्युलोजमधून फॉर्मिक, असेटिक अशी नवी आम्लं तयार होतात आणि तीही कामाला लागतात. म्हणजे ऱ्हास स्वतःच स्वतःला वेग देतो. जुन्या पुस्तकांचा जो वास आपल्याला एवढा प्रिय असतो, त्यात असेटिक आम्ल असतं, फर्फ्युरल असतं, लाकडी लगद्यातल्या लिग्निनपासून, म्हणजे लाकडाचे तंतू एकत्र चिकटवून ठेवणाऱ्या द्रव्यापासून, सुटलेलं व्हॅनिलिनही असतं. तो वास म्हणजे पुस्तक विरत असल्याची वर्दी आहे. उष्णतेने हे सगळं आणखी भडकतं. दर दहा अंशांमागे वेग दुपटीहून जास्त वाढतो, म्हणून पत्र्याखालचा माळा ही ग्रंथांसाठी सर्वांत वाईट जागा.

मग छापील मासिकात हे आम्ल आलं कुठून? कारखान्यातून. शाई पसरू नये म्हणून कागदाला पूर्वी सरस किंवा खळ देत. 1807 साली जर्मनीतल्या मोरिट्झ फ्रीड्रिश इलिग यांनी लगद्यातच राळ आणि तुरटी मिसळण्याची पद्धत मांडली. ती स्वस्त होती, यंत्राला सोयीची होती, आणि जगभर पसरली. कागदवाल्यांची ही तुरटी, म्हणजे ॲल्युमिनियमचं सल्फेट, ओलाव्यात प्रोटॉन सोडते. पुढे 1840च्या दशकात लाकूड दळून लगदा करण्याची युक्ती निघाली आणि शतकाच्या उत्तरार्धात चिंध्यांची जागा लाकडाने घेतली. त्यात तंतू आखूड, शिवाय उजेडात पिवळं पडणारं लिग्निन. आपलं ‘करमणूक’ साप्ताहिक (1890) आणि ‘मनोरंजन’ मासिक (1895) यांचा काळ नेमका हाच. मराठी कादंबरी आणि कथा ज्या दशकांत बाळसं धरत होत्या, तीच दशकं जगातल्या सर्वांत वाईट कागदाची होती. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जुन्नरी आणि दौलताबादी कागद वेगळ्या रीतीने बनत. चिंध्या, गोणपाट, जुने दोर असा माल चुन्यात भिजवून, कुटून, धुऊन लगदा करत. तावाला पिठाची खळ देऊन गुळगुळीत दगडाने घोटत. धुण्यातून राहिलेल्या चुन्याचा हवेत कॅल्शियम कार्बोनेट होतो. बाहेरून आम्ल आलं की कार्बोनेट प्रोटॉन गिळतो, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं, आणि माळ वाचते. कागदात मुरलेली ही अल्कलीची गंगाजळीच त्याला तारते. शाईही सौम्य होती. काजळ आणि डिंक. काजळ म्हणजे शुद्ध कार्बन, ना उडतं ना कशाशी झगडतं. युरोपात मात्र मायफळ आणि हिराकशीची शाई चाले. तिच्यात गंधकाम्ल शिल्लक राहतं आणि लोह तंतूंच्या ऑक्सिडीकरणाला चालना देतं. तिथल्या काही हस्तलिखितांत अक्षरांच्या जागी अक्षरांच्याच आकाराची भोकं पडली आहेत.

पोथ्या टिकल्या त्या मंत्रसामर्थ्याने, सोवळ्यामुळे, किंवा लाल कापडाला कीड घाबरते म्हणून, असं आजही मोठ्या विश्वासाने सांगितलं जातं. कापडाने पोथी टिकते हे खरं, पण रंगामुळे नाही. घट्ट बांधलेल्या बस्त्यात उजेड आणि धूळ शिरत नाही, आर्द्रता झपाट्याने वरखाली होत नाही. पांढरा मांजरपाटही तेवढंच काम करतो. ‘आपल्या पूर्वजांचा अमर कागद’ ही भाषाही नको. जो नष्ट झाला तो आपल्यासमोर नाही, म्हणून उरलेला सगळाच चिवट वाटतो. कसर, वाळवी, उंदीर आणि गळकं छप्पर रसायनशास्त्र विचारून येत नाहीत. कागद बनवणाऱ्यांचं कौशल्य खरं होतं, ते चुन्याच्या हिशेबात मोजता येतं. त्याला चमत्काराची जोड कशाला?

आम्ल काढता येतं का? बऱ्याच अंशी, हो. अमेरिकेत विल्यम बॅरो यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला वापरलेल्या पद्धतीत कागद आधी कॅल्शियम हायड्रॉक्साइडच्या, म्हणजे चुन्याच्या निवळीच्या द्रावणात बुडवत आणि मग कॅल्शियम बायकार्बोनेटच्या. आम्ल मारलं जाई आणि कार्बोनेटची शिबंदीही आत बसे. पण हे एकेका पानाचं काम आहे. शिवाय काजळाची शाई पाण्यात सुटते, त्यामुळे मोडी कागद असा बुडवणं म्हणजे मजकूर धुऊन टाकणं. हजारो ग्रंथ एकदम हाताळायला लायब्ररी ऑफ काँग्रेसने डायइथाइल झिंकची वाफ वापरून पाहिली. हा पदार्थ हवा लागताच पेट घेतो. नासाच्या गोडार्ड केंद्रातल्या चाचणी-संयंत्रात 1985-86च्या हिवाळ्यात व्हायची ती दुर्घटना झाली. नंतर मॅग्नेशियम ऑक्साइडची अतिबारीक पूड निष्क्रिय द्रवात मिसळून पानांवर बसवण्याची पद्धत रुळली. यातल्या कोणत्याही उपायाने तुटलेली माळ मात्र पुन्हा जोडली जात नाही. म्हणून उपचार भुगा व्हायच्या आधी करावा लागतो.

म्हणूनच प्राधान्याचा मुद्दा मी इतक्या आग्रहाने मांडतो आहे. पोथीचं स्कॅनिंग पाच वर्षं लांबलं, तर कोरड्या, स्वच्छ जागेतल्या पोथीचं सहसा फारसं बिघडत नाही. 1880 ते 1950 मधल्या मराठी मासिकांची, नाटकांच्या पुस्तिकांची, जातीसभांच्या अहवालांची, गावोगावच्या साप्ताहिकांची गोष्ट तशी नाही. कित्येकांची एखाद-दुसरीच प्रत उरलेली असते आणि तिच्याकडे पाच वर्षं असतीलच असं नाही. जतनाच्या यादीत वयाच्या रकान्याशेजारी आम्लतेचा रकाना हवा. तो भरायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. क्लोरोफेनॉल रेड हे आम्लतेनुसार रंग बदलणारं द्रव्य भरलेलं एक पेन मिळतं. अल्कधर्मी कागदावर त्याची रेघ जांभळी उमटते, आम्लधर्मी कागदावर पिवळी. रेघ कायमची राहते, म्हणून ती दुर्मीळ प्रतीवर नव्हे, सुट्या पडलेल्या कोऱ्या तुकड्यावर ओढायची.

घरी करण्यासारखंही थोडं आहे. पोथीत किंवा जुन्या ग्रंथात वर्तमानपत्राचं कात्रण ठेवू नका. त्यातलं आम्ल शेजारच्या पानांत झिरपतं आणि कात्रणाच्या आकाराचा तपकिरी ठसा उमटतो. पोथी वर्तमानपत्रात गुंडाळणं त्याहून वाईट. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका, तिचा डिंक कागदात मुरून पिवळा पडतो. पान हाताळताना पांढरे सुती हातमोजे लागत नाहीत. त्यांनी बोटांचा अंदाज जातो आणि पान फाटतं, धुऊन कोरडे केलेले हात बरे. आणि नवं पुस्तक छापणाऱ्या प्रकाशकाला कागद आम्लमुक्त आहे का, हे जरूर विचारा. टिकाऊ कागदासाठी आयएसओ 9706 हे मानक 1994 पासून आहे, आणि त्यात कॅल्शियम कार्बोनेटइतकी अल्कली किमान 2 टक्के मागितली आहे.