‘प्लेस फॉर पीपल’ : माणसाला पत्ता देणारे प्रदर्शन

समकालीन आकृतिप्रधान, म्हणजे माणसांच्या आकृती असलेल्या, चित्रांच्या समूहप्रदर्शनांविषयी आपल्याकडे बोलायचे, तर १९८१ सालापर्यंत मागे जावेच लागते. त्या वर्षी मुंबईच्या जहांगीर कलादालनात आणि नंतर दिल्लीच्या रवींद्र भवनात ‘प्लेस फॉर पीपल’ हे प्रदर्शन भरले. भूपेन खख्खर, गुलाम मोहम्मद शेख, विवान सुंदरम, नलिनी मलानी, जोगेन चौधुरी आणि सुधीर पटवर्धन अशा सहा चित्रकारांची चित्रे त्यात होती. सोबतचा लेख कलासमीक्षक गीता कपूर यांचा होता.

या प्रदर्शनाने मनुष्याकृती ‘परत आणली’ असे सरसकट म्हटले जाते, ते मला पटत नाही. अमूर्त चित्रकलेला मोठी प्रतिष्ठा होती हे खरे, पण हुसेन, तय्यब मेहता, अकबर पदमसी यांच्या कॅनव्हासवरून माणूस कधी गेलाच नव्हता. मात्र तय्यब यांचा कोसळणारा माणूस सपाट रंगाच्या पार्श्वभूमीवर एकटा असतो. तो कुठल्या गल्लीत राहतो, पोटासाठी काय करतो, हे चित्र सांगत नाही. या सहा जणांनी माणसाला त्याचा पत्ता दिला, आणि प्रदर्शनाचे नावही तेच सांगते.

त्याची तयारी बडोद्यात आधीपासून चालू होती. मुंबईत वाढलेले आणि पेशाने चार्टर्ड अकाउंटंट असलेले खख्खर १९६२मध्ये तिथे गेले आणि पुढे घड्याळ दुरुस्त करणारा, न्हावी अशी ‘चित्रात घेण्याजोगी’ न मानली जाणारी माणसे त्यांच्या दुकानांसकट रंगवू लागले. ‘यू कान्ट प्लीज ऑल’ हे त्यांचे १९८१चेच चित्र. त्यात सज्जात पाठमोरा उभा असलेला नग्न माणूस खाली पाहतो आहे आणि खाली बाप, मुलगा व गाढव यांची आपल्या सर्वांच्या ओळखीची गोष्ट एकाच चित्रात टप्प्याटप्प्याने घडते आहे. एका चौकटीत अनेक प्रसंग मांडण्याची ही रीत आपल्या लघुचित्रांना जुनीच आहे. शेख यांनी तर मुघल चित्रे आणि सिएनाचे जुने इटालियन चित्रकार या दोहोंचा बारकाईने अभ्यास केला होता.

मराठी वाचकाला जवळचे वाटावेत ते पटवर्धन. पुण्यात वैद्यकीय शिक्षण घेऊन १९७३मध्ये मुंबईत आलेला हा डॉक्टर ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करीत चित्रे काढत होता, आणि इराण्याचे हॉटेल, लोकल गाडी, कामावरून परतणारी माणसे हे त्याचे विषय होते. त्याच्या चित्रांतला कामगार घोषणा देत नाही. त्याच्या जड खांद्यांतून आणि हातांतून श्रम दिसतात. प्रदर्शनानंतर पुढच्याच जानेवारीत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. २००१मध्ये पटवर्धनांनी ‘लोअर परळ’ रंगवले, तेव्हा त्या माणसांचा पत्ताच बदलू लागला होता.