बोहारीण, कॉफीचा मग आणि आपला माळा

बोहारणीपुढे जुन्या साड्या टाकून बसलेली आई मला आठवते. "एवढ्या साड्यांना हे एवढंसं पातेलं?" "ताई, काठ विरलेत बघा." अर्धा तास घासाघीस व्हायची आणि शेवटी दोन साड्या परत कपाटात जायच्या. त्या तिने पुढे कधीच नेसल्या नाहीत. पण ती भाव वाढवून सांगत नव्हती. तिला त्या साड्या खरोखरच तेवढ्या मोलाच्या वाटत होत्या.

हीच घासाघीस अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या वर्गात घडवून पाहिली गेली. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि अर्थशास्त्रज्ञ जॅक क्नेच व रिचर्ड थेलर यांनी १९९० साली हे प्रयोग प्रसिद्ध केले. वर्गातल्या निम्म्या विद्यार्थ्यांना कॉफीचा एकेक मग देऊन टाकला. दुकानात त्याची किंमत ६ डॉलर होती. ज्यांना मग मिळाला त्यांना विचारलं, केवढ्याला विकाल? न मिळालेल्यांना विचारलं, केवढ्याला घ्याल? विकणारे साधारण सव्वापाच डॉलर मागत होते, घेणारे अडीचच्या आसपास अडून बसले. सौदे जेमतेम दोनचार झाले. तो मग हातात येऊन किती वेळ झाला होता? काही मिनिटं! आपली झालेली वस्तू जास्त मोलाची वाटण्याच्या या ओढीला थेलर यांनी 'एन्डावमेंट इफेक्ट' म्हटलं. वस्तू मिळाल्याच्या आनंदापेक्षा ती हातची जाण्याचं दुःख आपल्याला जास्त टोचतं, हे त्यामागचं कारण.

काही मिनिटांच्या मगाची ही कथा, तर वीस वर्षं माळ्यावर असलेल्या ट्रंकेचं काय! म्हणून आवराआवरीची सुरुवात माळ्यापासून करू नका. रविवारी सकाळी शिडी लावून ट्रंक खाली काढणारा माणूस दुपारी शाळेच्या वह्या वाचत बसलेला सापडतो. त्याऐवजी स्वयंपाकघरातला एकच खण घ्या. वाळलेली रबरं, सॉसच्या पुड्या, मुदत संपलेली औषधं, कुठल्याच फोनला न लागणारे चार्जर. यांत आठवणी अडकलेल्या नसतात, त्यामुळे हात चालतो.

आणि प्रश्न बदला. "हे टाकू का?" असं विचारलं की मन लगेच नुकसान मोजायला लागतं. "हे माझ्याकडे नसतं, तर आज पैसे देऊन आणलं असतं का?" असं विचारलं की आपण विकणाऱ्याच्या जागेवरून उठून घेणाऱ्याच्या जागी जाऊन बसतो.

आठवणींच्या वस्तूंना मात्र हा प्रश्न पुरत नाही. अमेरिकेतल्याच पेन स्टेट विद्यापीठाच्या वसतिगृहांत त्यावर एक सोपा उपाय करून पाहिला गेला. तो अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. काही इमारतींत 'वस्तू दान करा' एवढंच आवाहन होतं. काहींत 'आधी फोटो काढा, मग दान करा' असं. पहिल्या गटात ५३३ वस्तू जमा झाल्या, दुसऱ्यात ६१३. बाळाचं झबलं देताना जीव तुटतो तो कापडासाठी नव्हे, ते दिवस विसरून जाऊ या भीतीने. फोटोने ती भीती कमी होते.

घरात कुणाला रिकामी बाटलीही टाकवत नसेल, पसाऱ्यातून चालायची वाट उरली नसेल, तर त्याला आळस म्हणू नका. वस्तू साठवत राहण्याच्या या विकाराला अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये स्वतंत्र निदान म्हणून मान्यता दिली. अशा माणसाच्या नकळत घर रिकामं करणं क्रूरपणाचं आहे. त्याला उपचार हवेत.

बाकीच्यांसाठी एवढंच: द्यायची पिशवी भरली की त्याच दिवशी घराबाहेर काढा. दारामागे ठेवली की ती अजून आपलीच असते, आणि रात्री त्यातलं एखादं पातेलं हमखास परत फडताळात जातं.