डोंगरातला भूकंप आणि घराचे हप्ते

30 सप्टेंबर 2024 च्या दुपारी चिखलदऱ्याच्या परिसरात 4.2 तीव्रतेचा धक्का बसला. त्यानंतर 4 डिसेंबरला सकाळी तेलंगणातल्या मुलुगूचा 5.3 चा धक्का गडचिरोली-चंद्रपूरपर्यंत जाणवला. मोठी हानी झाली नाही. पण मेळघाटातल्या ढाण्यांवर किंवा भामरागडकडच्या टोल्यांवर, म्हणजे लहान आदिवासी वस्त्यांवर, खरंच घरं पडली, तर मदत कशी पोचेल, हा प्रश्न त्यामुळे पुढे आला. त्याचं उत्तर हिमालयातल्या अनुभवांत शोधावं लागतं.

15 जानेवारी 1934 च्या बिहार-नेपाळ भूकंपानंतर देशभरातून जमलेला निधी प्रामुख्याने बिहारमध्ये खर्च झाला. त्याचा हिशेब सांभाळणारे अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांनी पुढे वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाचं काम उभं केलं. तेव्हा नेपाळने आपलं आपणच निभावलं.

1993 च्या किल्लारी भूकंपानंतर 52 गावं नव्या जागी हलवली गेली. त्याच वेळी कमी हानी झालेल्या गावांत घरमालकाच्याच हाती पैसा देऊन जागेवर दुरुस्ती करून घेण्यात आली. ही दुसरी वाट पुढे टिकली. 2001 मध्ये कच्छने ती घेतली. 8 ऑक्टोबर 2005 च्या भूकंपानंतर पाकव्याप्त काश्मीर आणि शेजारच्या डोंगरी भागात पूर्ण पडलेल्या घरासाठी 1 लाख 75 हजार पाकिस्तानी रुपये दिले गेले, तेही टप्प्याटप्प्याने.

25 एप्रिल 2015 ला नेपाळमध्ये 7.8 तीव्रतेचा भूकंप झाला. शनिवार असल्याने शाळा बंद होत्या, म्हणून असंख्य मुलं वाचली. तरीही सुमारे नऊ हजार माणसं गेली. काठमांडूच्या एकुलत्या धावपट्टीवर विमानांची रांग लागली आणि धावपट्टी खचू नये म्हणून अवजड विमानांना मनाई करावी लागली. गोरखा, सिंधुपाल्चोकच्या वरच्या गावांना जाणाऱ्या पायवाटा दरडींनी तुटल्या होत्या. तिथे धान्य आणि पत्रे खेचरांच्या आणि भरियांच्या (ओझं वाहणाऱ्या हमालांच्या) पाठीवरून गेले. पावसाळा दीड महिन्यावर होता, त्यामुळे अन्नाइतकीच निकड पत्र्यांची होती.

खरा वाद घरांच्या पैशावरून पेटला. अनुदान आधी 2 लाख नेपाळी रुपये ठरलं, नंतर 3 लाख झालं. आपल्या पैशात साधारण 1 लाख 87 हजार. ते तीन हप्त्यांत मिळायचं: 50 हजार करार झाल्यावर, दीड लाख पाया झाल्यावर, उरलेले 1 लाख त्यापुढच्या कामावर. प्रत्येक वेळी अभियंत्याची तपासणी. ज्यांनी घरकुलाच्या हप्त्यासाठी जिओटॅग फोटोची वाट पाहत अर्ध्या भिंतींवर ताडपत्री टाकून पावसाळा काढला, त्यांना याचा अर्थ समजावून सांगायची गरज नाही.

हप्त्यांच्या बाजूचा मुद्दा कमकुवत नव्हता. एकरकमी पैसा दिला असता तर लोकांनी दगड-मातीची तीच जड भिंत पुन्हा रचली असती, आणि भूकंपात माणसं त्याच भिंतीखाली मेली होती. तपासणीमुळे भिंती बांधून ठेवणारे आडवे पट्टे आले, कोपरे बांधले गेले. पण अभियंते अपुरे होते आणि वरच्या गावांत वेळेवर पोचत नव्हते. सिमेंटचं पोतं गावात पोचेपर्यंत त्याची किंमत वाहतुकीनेच फुगायची. पहिला हप्ता त्यातच संपला की पाया पुरा करायला सावकार गाठावा लागे. पुष्कळांनी केवळ हप्ता सुटावा म्हणून एका खोलीचं घर बांधलं. धान्य आणि जनावरं राहिली जुन्या पडक्या घरात.

माझ्या मते सर्वांत मोठा अन्याय कागदाचा होता. करारासाठी जमिनीचा लालपुर्जा, म्हणजे मालकीचा दाखला, मागितला गेला. पिढ्यानपिढ्या दुसऱ्याच्या किंवा सरकारी जागेवर राहणारी कुटुंबं त्यामुळे मागे राहिली. अशा कुटुंबांसाठी वाट पुढे काढली गेली, पण तोवर त्यांचे हिवाळे पत्र्याखाली गेले होते. हप्त्यांची शिस्त समजू शकते. जागेचा कागद नाही म्हणून घर नाकारणं समजत नाही.

आपल्याकडे ही अडचण आजच दिसते. अतिक्रमणातलं घर, प्रलंबित वनहक्क दावा, नमुना 8 वर नाव नसलेली विधवा सून, यांची घरकुलं कागदावर अडतात. आपत्तीच्या 2022-23 ते 2025-26 या काळासाठीच्या निकषांत पूर्ण पडलेल्या घराला मैदानी भागात 1 लाख 20 हजार आणि डोंगराळ भागात 1 लाख 30 हजार रुपये होते, तर झोपडीला 8 हजार. कुडाच्या भिंतीचं, कौलांचं घर हलकं असतं आणि धक्क्यात जड दगडी घरापेक्षा माणसाला वाचवण्याची शक्यता जास्त. पण पंचनाम्यात त्याची नोंद कच्चं घर म्हणून होते की झोपडी म्हणून, यावर एका कुटुंबाच्या लाखभर रुपयांचा फरक ठरतो. ही नोंद करणाऱ्यांना कुडाच्या घराची स्पष्ट व्याख्या भूकंपाच्या आधीच मिळायला हवी, आणि ती ग्रामसभेत वाचून दाखवायला हवी.