'रेनबो वाहिने' : हवाईच्या महिला व्हॉलीबॉलमागची गोष्ट

हवाई विद्यापीठाच्या महिला व्हॉलीबॉल संघाबद्दल बोलताना लोक थेट विजेतेपदांवर येतात. मला मात्र सुरुवात वॉशिंग्टनपासून करावीशी वाटते.

23 जून 1972 रोजी अमेरिकेत 'टायटल नाइन' हा कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेदभाव चालणार नाही, एवढंच तो सांगतो. मूळ कलम इंग्रजीत जेमतेम 37 शब्दांचं, आणि त्यात खेळाचा उल्लेखही नाही. तरी सर्वांत मोठा वाद पेटला तो खेळांवरूनच. या कायद्यासाठी झटणाऱ्या पॅट्सी मिंक हवाईच्याच खासदार. माउई बेटावर जन्मलेल्या या बाईंना डॉक्टर व्हायचं होतं. अर्ज केलेल्या एकाही वैद्यकीय महाविद्यालयानं त्यांना घेतलं नाही.

जुलै 1975 मध्ये शारीरिक शिक्षणाला कायद्यातून सूट देणारी तरतूद प्रतिनिधिगृहात मतदानाला आली. त्याच वेळी मिंक यांना मुलीच्या गंभीर मोटार अपघाताची बातमी कळली आणि त्या सभागृह सोडून धावल्या. त्यांची बाजू एका मतानं हरली. सभापती कार्ल अल्बर्ट यांनी नंतर सभागृहाला घडलं ते सांगितलं, पुन्हा मतदान झालं, आणि 215 विरुद्ध 178 मतांनी कायदा शाबूत राहिला.

त्याच वर्षी होनोलुलूत डॉनिस थॉम्पसन यांनी डेव्ह शोजी या तरुण प्रशिक्षकाला नेमलं, तेही अर्धवेळ. थॉम्पसन मूळच्या ॲथलेटिक्सच्या. 1972 मध्ये त्या विद्यापीठाच्या पहिल्या महिला क्रीडा संचालक झाल्या होत्या. व्हॉलीबॉल संघ 1974 पासून खेळू लागला होता. त्याचं नाव 'रेनबो वाहिने'; 'वाहिने' म्हणजे हवाईयन भाषेत स्त्री.

क्लम जिम हे संघाचं जुनं, लहानसं, उकाड्याचं घरचं मैदान. तिथून हा संघ 1979 मध्ये राष्ट्रीय विजेता झाला. अंतिम सामन्यात युटा स्टेटविरुद्ध पहिले दोन सेट गमावून पुढचे तिन्ही जिंकले! महिलांसाठी एनसीएएची, म्हणजे अमेरिकेतल्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेची, स्पर्धा 1981 मध्ये सुरू झाली, आणि पुढच्याच वर्षी सदर्न कॅलिफोर्नियाविरुद्ध पुन्हा तेच : दोन सेट मागे, मग सलग तीन. 1983 आणि 1987 मध्येही विजेतेपद आलं. मला यातल्या चषकांहून ते दोन्ही पाच सेटचे सामने मोठे वाटतात.

1994 मध्ये विद्यापीठात दहा हजारांवर प्रेक्षक मावतील असं नवं क्रीडागृह उभं राहिलं, आणि पुढे अनेक हंगाम देशात महिला व्हॉलीबॉलला सर्वाधिक गर्दी तिथेच व्हायची.

शोजी 2017 मध्ये निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या नावावर 1,202 विजय होते. त्यांच्या जागी रॉबिन आह मो आल्या. होनोलुलूत वाढलेल्या, शोजींच्याच हाताखाली सेटर (स्मॅशसाठी चेंडू उचलून देणारी खेळाडू) म्हणून घडलेल्या, आणि 2008 च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेकडून रौप्यपदक मिळवलेल्या.