फ्यूज उडतोय म्हणून मोठा फ्यूज टाकू नका

कोल्हापुरात उद्यमनगरच्या औद्योगिक वसाहतीपासून घरच्या पार्किंगपर्यंत एक समज पक्का रुजलाय: गाडीचा फ्यूज सारखा उडतोय, तर मोठा टाका. साफ चूक. फ्यूज दिव्याला नव्हे, वायरीला वाचवतो. जुन्या स्पोर्ट्स कारला ६० वॅटऐवजी १०० वॅटचे दोन हॅलोजन लावले, की १२ व्होल्टला करंट १० अँपिअरवरून जवळपास १७ वर जातो. तिथं निळा १५ अँपिअरचा फ्यूज काढून हिरवा ३० चा ठोकला, तर फ्यूज शाबूत राहतो आणि डॅशबोर्डमागची बारीक वायर वितळते. आधी जळकट वास, मग थेट आग. रिले (छोट्या करंटवर चालून मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) बसवा, बॅटरीपासून जाड वायर स्वतंत्र ओढा. काही न बदलता फ्यूज उडत असेल, तर पत्र्याच्या भोकात घासून सोललेली वायर शोधा; बहुतेकदा तिथंच शॉर्ट सापडतो.