खात्यांची चौकट कोणी आखायची? अमेरिकी राज्यांतील विभाग-पुनर्रचनेची पार्श्वभूमी

अमेरिकेतील एखाद्या राज्याच्या विधिमंडळापुढे शासकीय विभागांच्या पुनर्रचनेचा आराखडा आला की सदस्यांची पहिली धांदल उडते ती त्याच्या आकारामुळे. आर्कान्सा राज्यात २०१९ साली मांडलेले विधेयक सुमारे दोन हजार पानांचे होते, तर आयोवात २०२३ साली आलेले दीड हजार पानांहून मोठे. एवढी पाने चाळणाऱ्याला बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट दिसते : जुन्या कायद्यातील एका विभागाचे नाव खोडून तेथे दुसऱ्याचे नाव घातलेले असते. मात्र या कंटाळवाण्या दुरुस्त्यांच्या मधोमध एखादे पोटकलम असे निघते की, आजवर स्वतंत्र मंडळ ज्या संचालकाची नेमणूक करीत आले, त्याला यापुढे गव्हर्नरच्या हाताखालचा सचिव नेमणार असतो. जाहीर चर्चा काटकसरीची आणि सुटसुटीतपणाची होते, पण मते फुटतात ती अशा पोटकलमांवर. शंभराहून अधिक वर्षे हा वाद जवळपास याच रूपात चालत आला आहे.

येथे गव्हर्नर हा शब्द मुद्दाम तसाच ठेवला आहे, कारण आपल्याकडील राज्यपालांशी त्याचा नामसाधर्म्यापलीकडे फारसा संबंध नाही. अमेरिकी राज्याचा गव्हर्नर थेट जनतेने निवडलेला कार्यकारी प्रमुख असतो आणि तो विधिमंडळाचा सदस्य नसतो. आपल्याकडे खात्यांची फोड किंवा जोड राज्यघटनेच्या अनुच्छेद १६६ खालील कार्यनियमावलीत बदल करून होऊ शकते आणि त्यासाठी सभागृहाच्या मतदानाची वाट पाहावी लागत नाही. अमेरिकी राज्यांत मात्र विभाग सहसा कायद्याने जन्माला येतो, म्हणून तो मोडायचा किंवा दुसऱ्यात मिळवायचा तरी विधिमंडळाला कोणत्या ना कोणत्या रूपात विचारावेच लागते.

या व्यवस्थेचे मूळ ब्रिटिश राजाच्या गव्हर्नरांविषयीच्या रागात आहे. १७७६ नंतर राज्यांनी ज्या पहिल्या घटना लिहिल्या, त्यांत कार्यकारी सत्तेला शक्य तितके दुबळे ठेवण्यात आले. पेनसिल्व्हेनियाने तर गव्हर्नरपदच ठेवले नाही आणि त्या जागी एक कार्यकारी परिषद नेमली. नॉर्थ कॅरोलायनाच्या गव्हर्नरला विधेयकावर नकाराधिकार मिळाला तो थेट १९९६ च्या घटनादुरुस्तीने, यावरून त्या अविश्वासाचे आयुष्य किती लांबले ते समजते.

एकोणिसाव्या शतकात सत्तेचे आणखी तुकडे झाले. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सनच्या काळातील लोकशाहीच्या लाटेत असा समज पक्का झाला की अधिकारी जितके अधिक निवडून येतील तितका कारभार लोकांच्या हाती राहील. न्यूयॉर्कच्या १८४६ च्या घटनेने राज्याचा सचिव, लेखानियंत्रक, खजिनदार आणि महाधिवक्ता यांच्याबरोबरच राज्याचा अभियंता, कालवे-आयुक्त आणि तुरुंग-निरीक्षक हेही मतपेटीतून निवडण्याची तरतूद केली. पुढे रेल्वे, विमा, सार्वजनिक आरोग्य, अनाथालये आणि मनोरुग्णालये अशी नवनवी कामे राज्याच्या गळ्यात पडत गेली, तेव्हा प्रत्येक कामासाठी वेगळे मंडळ किंवा आयोग नेमण्याची पद्धत रुळली. मॅसॅच्युसेट्सने १८६९ साली आरोग्य मंडळ स्थापन केले आणि इतर राज्यांनी तो कित्ता गिरवला. या मंडळांच्या सदस्यांच्या मुदती सहसा एकाच वेळी संपत नसत. एका गव्हर्नरला सगळे मंडळ बदलता येऊ नये हाच त्यामागील हेतू होता आणि तो पुरेपूर साधला गेला. इतका की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राज्याच्या कारभाराला नेमके जबाबदार कोण, हे सांगणे मतदाराला अशक्य होऊन बसले.

ही अडचण सर्वांत धारदार शब्दांत मांडली ती एलिहू रूट यांनी. १९१५ साली न्यूयॉर्कची घटना नव्याने लिहिण्यासाठी भरलेल्या परिषदेचे ते अध्यक्ष होते आणि ऑगस्टच्या अखेरीस त्यांनी विभागांच्या एकत्रीकरणाच्या बाजूने भाषण केले. चाळीस वर्षे आपण या राज्याचा कारभार पाहत आलो आहोत, पण तो गव्हर्नरने चालवला नाही आणि विधिमंडळानेही नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. जवळजवळ वीस वर्षे राज्य केले ते टॉमस प्लॅट या पक्षपुढाऱ्याने, आणि राज्याची खरी राजधानी ऑल्बनीत नसून न्यूयॉर्क शहरातील ४९, ब्रॉडवे या पत्त्यावर होती. रूट यांनी याला ‘अदृश्य सरकार’ म्हटले. ते स्वतः प्लॅट यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे होते, म्हणून त्या भाषणाला वजन आले. अधिकार शेकडो हातांत विखुरले की ते कोणाच्याच हातात राहत नाहीत आणि मग बाहेरचा कोणीतरी ते गोळा करतो, हा त्यांचा युक्तिवाद पुढील प्रत्येक पुनर्रचनेच्या समर्थकांनी वापरला आहे. न्यूयॉर्कच्या मतदारांनी मात्र त्या नोव्हेंबरमध्ये नवी घटना फेटाळून लावली.

पहिले पूर्ण यश आले इलिनॉयमध्ये. १९१६ च्या निवडणुकीत गव्हर्नर झालेले फ्रँक लोडन कारभार हाती घेताच विधिमंडळाकडे गेले आणि १९१७ च्या मार्चमध्ये नागरी प्रशासन संहिता मंजूर झाली. शंभराहून अधिक मंडळे, आयोग आणि कार्यालये गुंडाळून १ जुलै १९१७ पासून नऊ विभाग उभे राहिले : वित्त, कृषी, कामगार, खाणी व खनिजे, सार्वजनिक बांधकाम, लोककल्याण, सार्वजनिक आरोग्य, व्यापार, आणि नोंदणी व शिक्षण. प्रत्येकावर गव्हर्नरने सिनेटच्या संमतीने नेमलेला एकच संचालक. लोडन यांचे चातुर्य असे की त्यांनी घटनेला हात लावला नाही. घटनेने निर्माण केलेली निवडून येणारी पदे, म्हणजे सचिव, लेखापरीक्षक, खजिनदार आणि महाधिवक्ता, जशीच्या तशी राहू दिली आणि विधिमंडळाने जे साध्या कायद्याने बनवले होते तेवढेच साध्या कायद्याने मोडले. आयडाहो आणि नेब्रास्का यांनी १९१९ साली, ओहायो आणि वॉशिंग्टन यांनी १९२१ साली हाच मार्ग धरला.

न्यूयॉर्कला मात्र घटना बदलावीच लागली, आणि ती कथा अधिक बोलकी आहे. १९१९ साली गव्हर्नर अल स्मिथ यांनी पुनर्रचनेचा अहवाल तयार करवला. त्या अभ्यासाची सूत्रे तरुण रॉबर्ट मोझेस यांच्याकडे होती. पुढे स्वतःच्या प्राधिकरणांच्या जोरावर गव्हर्नरांनाही न जुमानणारे ते हेच. न्यूयॉर्कमध्ये घटनादुरुस्ती दोन वेगवेगळ्या निवडणुकांतून आलेल्या विधिमंडळांनी मंजूर करावी लागते आणि नंतर ती मतदारांपुढे जाते. शिवाय स्मिथ डेमोक्रॅट होते आणि विधिमंडळावर वरचष्मा रिपब्लिकनांचा. १९२५ साली मतदारांनी दुरुस्ती मान्य केल्यावर तपशील ठरवणाऱ्या आयोगाचे अध्यक्षपद स्मिथ यांनी चार्ल्स इव्हान्स ह्यूझ या माजी रिपब्लिकन गव्हर्नरांना दिले. आपल्याच माजी नेत्याच्या सहीचा आराखडा फेटाळणे विरोधकांना जड गेले.

त्या दुरुस्तीने विभागांची कमाल संख्या २० ठरवली. मॅसॅच्युसेट्सने १९१८ साली हीच मर्यादा घातली होती आणि न्यू जर्सी, अलास्का, हवाई, मिशिगन यांच्या घटनांतही पुढे हाच आकडा आला. वीसच का, याचे पटेल असे उत्तर कोणत्याही तत्त्वात सापडत नाही. एका माणसाला इतक्याच प्रमुखांवर नजर ठेवता येते असा तो ढोबळ अंदाज होता. पण घटनेत आकडा बसला की पळवाटाही निघतात. न्यूयॉर्कमध्ये गव्हर्नरचा ‘कार्यकारी विभाग’ हाच एक विभाग धरला जातो आणि राज्य पोलिसांपासून अर्थसंकल्पाच्या शाखेपर्यंत कितीतरी यंत्रणा त्याच्या पोटात राहतात. उरलेले काम स्वायत्त प्राधिकरणांकडे गेले, जी या मोजणीत येत नाहीत.

एकत्रीकरणाचा फायदा कोणाला होतो, हे व्हर्जिनियाने दाखवले. तेथे गव्हर्नर हॅरी बर्ड यांनी विभाग कमी केले आणि राज्यभरातून निवडून येणारी पदे तीनवर आणली. कागदावर ती आदर्श सुधारणा होती, पण प्रत्यक्षात तिने बर्ड यांच्या पक्षयंत्रणेची राज्यावरील पकड पुढील कित्येक दशके घट्ट केली. रूट ज्या रोगावर हे औषध सुचवत होते, तोच रोग या औषधाने पोसला गेला.

दुसऱ्या महायुद्धानंतरची लाट देशाची राजधानी वॉशिंग्टन येथून आली. केंद्र सरकारच्या फेररचनेसाठी १९४७ ते १९४९ या काळात माजी राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला आणि त्याचे अनुकरण करणाऱ्या राज्यांच्या समित्यांना ‘लिटल हूवर’ हे नाव पडले. १९६२ साली स्थापन झालेला कॅलिफोर्नियाचा आयोग आजही त्याच नावाने ओळखला जातो आणि गव्हर्नरचा आराखडा विधिमंडळाकडे जाण्याआधी तो त्याच्याकडून तपासून घ्यावा लागतो.

या काळातील खरा बदल मात्र कार्यपद्धतीचा होता. १९३९ च्या केंद्रीय कायद्याने राष्ट्राध्यक्षांना आराखडा मांडण्याचा अधिकार दिला होता आणि दोन्ही सभागृहांनी ६० दिवसांत नाकारला नाही तर तो आपोआप लागू होत असे. मिशिगनने १९६३ च्या घटनेत हीच युक्ती घेतली : गव्हर्नर आदेश काढतो आणि ६० दिवसांच्या आत दोन्ही सभागृहांनी बहुमताने तो नाकारला नाही तर त्याला कायद्याचे बळ येते. या एका बदलाने पारडे फिरले. पूर्वी बदल हवा असणाऱ्याला बहुमत जमवावे लागे. आता बदल नको असणाऱ्याला ते जमवावे लागते. १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने केंद्रातील अशा ‘विधिमंडळी नकाराधिकारा’ला घटनाबाह्य ठरवले, परंतु मिशिगनची तरतूद राज्याच्या स्वतःच्या घटनेत असल्यामुळे त्या निकालाने तिला धक्का लागला नाही.

जॉर्जियात तेव्हाचे गव्हर्नर जिमी कार्टर यांनी १९७१ साली अशाच उलट्या नकाराधिकाराचा कायदा करून घेतला आणि आराखडा पुढे रेटला. सिनेटमध्ये विरोधाचे नेतृत्व होते उपगव्हर्नर लेस्टर मॅडॉक्स यांच्याकडे. ते आदल्याच कारकिर्दीतील गव्हर्नर आणि कार्टर यांच्याच पक्षाचे. सुमारे ३०० यंत्रणांचे २२ विभाग झाले आणि या यशाचे भांडवल करून कार्टर १९७६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत उतरले, तेव्हा बचतीच्या दाव्यांवर मात्र बराच वाद झाला. मानवी संसाधन विभाग या नावाखाली आरोग्य, समाजकल्याण आणि पुनर्वसन असे सगळे एकत्र करणे हा त्या आराखड्याचा कणा होता. तो विभाग २००९ साली फोडण्यात आला आणि २०११ साली सार्वजनिक आरोग्य पुन्हा स्वतंत्र झाले. फ्लोरिडातही तेच घडले : १९६९ साली आरोग्य व पुनर्वसन सेवांचा अजस्र विभाग जन्मला आणि नव्वदीच्या दशकात त्याचे आरोग्य आणि बालक-कुटुंब असे दोन तुकडे करावे लागले. मोठा विभाग अवजड ठरतो म्हणून तोडायचा आणि तुटलेले एकमेकांशी बोलत नाहीत म्हणून पुन्हा जोडायचे, हा फेरा आरोग्य-कल्याणाच्या क्षेत्रात सर्वाधिक दिसतो, कारण तेथील कामे आणि लाभार्थी दोन्ही एकमेकांत गुंतलेले असतात.

आमदारांची सावध भूमिका केवळ हट्टाची नसते. विधिमंडळाच्या समित्यांची रचना बहुधा विभागांना धरूनच असते, त्यामुळे विभाग हलला की समितीचाही अधिकार हलतो. शेतकरी, शिकारी, डॉक्टर, अपंगांच्या संघटना यांना ‘आपले’ कार्यालय माहीत असते आणि ते मोठ्या विभागातील एक शाखा झाले की आपला आवाज वरपर्यंत पोहोचणार नाही अशी त्यांची रास्त भीती असते. टेक्सस, जॉर्जिया, फ्लोरिडा येथे तर कृषी आयुक्तच निवडून येतो; त्याचे खाते कोणात मिळवणार? शिवाय केंद्राच्या पैशाला अटी असतात. मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविमा योजनेसाठी राज्यात एकच जबाबदार यंत्रणा ठरवावी लागते. फ्लोरिडाने १९७५ साली आपला विभाग जिल्हावार विभागला, तेव्हा व्यावसायिक पुनर्वसनाच्या निधीसाठी लागणारी स्वतंत्र यंत्रणा उरली नाही अशी हरकत केंद्राने घेतली आणि न्यायालयातही राज्याची बाजू टिकली नाही.

अलीकडील आराखड्यांत संख्येपेक्षा अधिकाराच्या साखळीवर भर आहे. आर्कान्सात गव्हर्नर एसा हचिन्सन यांनी ४२ यंत्रणा १५ विभागांत आणल्या आणि प्रत्येकावर सचिव नेमला. आयोवात गव्हर्नर किम रेनॉल्ड्स यांनी ३७ च्या १६ केल्या, आणि तेथे सर्वाधिक खळबळ झाली ती आकड्यांवरून नव्हे, तर न्यायिक जिल्ह्यांच्या आठ स्थानिक सुधारसेवा (तुरुंगाबाहेरील गुन्हेगारांवर देखरेख ठेवणाऱ्या) राज्याच्या विभागाखाली आणण्यावरून. त्यांचे संचालक तोवर स्थानिक मंडळे नेमत असत.

खात्यांची चौकट कोणी आखायची, हा प्रश्न अलास्कात अगदी उघडपणे विचारला गेला. तेथील घटनेनुसार गव्हर्नरचा आदेश संयुक्त अधिवेशनात बहुमताने नाकारता येतो, मात्र त्यात दुरुस्ती करता येत नाही. जसा आहे तसा घ्यायचा किंवा परत पाठवायचा. गव्हर्नर माइक डनलेव्ही यांनी आरोग्य व समाजसेवा विभाग फोडणारा पहिला आदेश २०२१ साली मसुद्यातील चुकांमुळे मागे घेतला. सुधारलेला आदेश दुसऱ्या वर्षी टिकला आणि १ जुलै २०२२ पासून दोन विभाग झाले. २०२५ साली त्यांनी स्वतंत्र कृषी विभागाचा आदेश काढला, तेव्हा अनेक सदस्यांचा शेतीला विरोध नव्हता. नवा विभाग विधेयकाने यावा, म्हणजे खर्च आणि पदे यांवर सभागृहाला दुरुस्त्या सुचवता येतील, एवढेच त्यांचे म्हणणे होते. मार्चमध्ये संयुक्त अधिवेशन भरले आणि तो आदेश फेटाळला गेला.