दाढ काढायची की वाचवायची?

कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाणाऱ्या सोलापुरात दाढ गेली की माणसाचं जेवणच बदलतं. भाकरी आमटीत कुस्करून खायची वेळ येते. तरीही दाढ ठणकायला लागली की आपण दवाखान्यात जाऊन पहिलं सांगतो ते ‘डॉक्टर, काढूनच टाका’. जुन्या माणसांना तो एकच भरवशाचा मार्ग होता. आता तसं राहिलेलं नाही, आणि हा बदल ज्या यंत्रांमुळे झाला त्यांतलं एक तर हाताच्या पंजात मावेल एवढं आहे.

दाढेच्या मुळांत अतिशय बारीक नळ्या असतात. त्यांतली सडलेली नस काढायची, नळी साफ करायची आणि टोकाशी नीट बंद करायची, हे रूट कॅनॉल. खरी मेख आहे ती टोकाची. दोन-तीन मिलिमीटर अलीकडे थांबलं तर आत जंतू उरतात. पलीकडे गेलं तर हाडाजवळच्या भागाला इजा होते. एक्स-रेवर मोजावं, तर तो सपाट सावली दाखवतो, आणि नळीचं तोंड पुष्कळदा मुळाच्या अगदी टोकाला नसून जरा बाजूला असतं.

यावर उत्तर मिळालं विजेतून. 1962 मध्ये जपानचे संशोधक सुनादा यांनी दाखवलं, की तोंडाच्या आतली त्वचा आणि मुळाभोवतीचं आवरण यांच्यामधला विद्युत रोध साधारण 6.5 किलोओहम असतो, माणसाचं वय काहीही असो. म्हणून एक तार ओठाला अडकवायची, दुसरी नळीत जाणाऱ्या सुईसारख्या फाइलला. फाइल टोकाला पोचली की रोध तेवढा भरतो आणि यंत्र आवाज देतं. सुरुवातीची यंत्रं ओल्या नळीत फसायची. पुढे दोन वेगवेगळ्या वारंवारतांच्या प्रवाहांची तुलना करणारी यंत्रं आली आणि रक्त किंवा औषधाचं पाणी असतानाही मोजमाप जमू लागलं. पेशंटला यातलं काही जाणवतसुद्धा नाही. मला हे दंतवैद्यकातलं सर्वांत सुंदर यंत्र वाटतं.

फाइलही बदलली. स्टीलची फाइल वाकड्या मुळात सरळ जायला बघते. निकेल-टायटॅनियमची फाइल वळणाबरोबर वळते आणि बाहेर आली की पुन्हा सरळ होते. फार वापरली तर तीही तुटते, म्हणून जुन्या फाइल वेळेवर टाकून द्याव्या लागतात.

एक्स-रेचं थोडक्यात सांगतो. 1896 मध्ये जर्मनीत दंतवैद्य वाल्कहॉफ यांनी स्वतःच्या दातांचा एक्स-रे काढला, तेव्हा 25 मिनिटं स्थिर राहावं लागलं होतं. आज सेकंदाचा काही भाग पुरतो आणि चित्र लगेच पडद्यावर येतं.

रूट कॅनॉल झालेल्या दाढेवर बहुधा कॅप बसवावी लागते, कारण ती दाढ पोखरलेली असते. पूर्वी मापासाठी तोंडात लगदा भरत, पेशंटला उमासे येत. आता छोटा कॅमेरा दातांवरून फिरवतात आणि संगणकावर कॅपचा आकार ठरतो. झिर्कोनिया या सिरॅमिकची कॅप खडूसारख्या मऊ ठोकळ्यातून कोरतात आणि सुमारे 1,500 अंश सेल्सिअसला भाजतात. भाजताना ती जवळपास 20 टक्के आकसते, म्हणून संगणक ती आधीच तेवढ्या हिशेबानं मोठी कोरून घेतो. भट्टीतून निघते तेव्हा कडक भाकरी चावायला पुरेशी मजबूत असते.

हे सगळं हाताशी असूनही दाढा काढाव्या लागतात, त्या उशिरामुळे. आपल्याकडे घरोघरी विड्या वळणाऱ्या बायका आहेत, त्यांची मजुरी दर हजार विड्यांमागे ठरते. दवाखान्यात बसलेला दिवस म्हणजे बुडालेली मजुरी. मग ठणक्यावर मिश्री लावली जाते. काही दिवसांनी ठणका आपोआप थांबतो आणि दाढ बरी झाली असं वाटतं. प्रत्यक्षात आतली नस मेलेली असते, म्हणून दुखणं थांबतं. जंतू मात्र मुळाच्या टोकातून हाडात उतरत राहतात. ठणका थांबल्यानंतरच्या त्या आठवड्यांतही दाढ बहुधा वाचवता येते. ती हलायला लागली, मुळाभोवतीचं हाड झिजलं, की मग कितीही चांगलं यंत्र असलं तरी तिला पकडून ठेवायला काही उरत नाही.